मास्टरांचा अर्धा इंच

सोमवारी सकाळी सूनबाईला ओळीने चौदा शिंका आल्या. चौदावी संपली तेव्हा कपातला चहा टेबलावर होता, टेबलावरची टिपणं चहात होती आणि नवरा दारात उभा राहून "काही आणू का?" असं विचारत होता. आणण्यासारखं काही नव्हतं. शिंका थांबवणारी वस्तू बाजारात मिळत असती तर सूनबाईने ती डझनाने आणून ठेवली असती, कारण शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तिची मुलाखत होती.

सूनबाई वजनमापांच्या सरकारी खात्यात बारा वर्षं नोकरीला होती. पाकिटावर किलो छापलंय तर आत किलो आहे का, तारेच्या गुंडाळीवर नव्वद मीटर लिहिलंय तर उलगडल्यावर किती भरते, हे तपासणारं खातं. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. ती मागेही एकदा झाली होती आणि तेव्हा ती सूनबाईच्या हातून गेली ती निव्वळ नाकापायी. पहिल्याच प्रश्नाला तिने जी शिंकायला सुरुवात केली ती निवड समितीने "राहू द्या, राहू द्या, घरी जाऊन आराम करा" म्हणेपर्यंत. यंदा समितीचे तिघे तीन शहरांत होते, म्हणून मुलाखत घरूनच कॉम्प्युटरवर व्हायची होती. नाकाच्या डॉक्टरांनी नाकात दिवा घालून पाहिलं आणि चिठ्ठीवर औषधाच्याही आधी लिहिलं: घरातल्या एसीचा फिल्टर बदलणे.

या घरात खोलीखोलीत वेगवेगळे एसी नव्हते. बोळात एका कपाटाएवढ्या जागेत एकच मोठं मशीन होतं. उन्हाळ्यात ते सगळं घर गार करायचं, हिवाळ्यात गरम करायचं. घरातली हवा बोळातल्या भिंतीच्या जाळीतून आत ओढली जायची आणि त्या जाळीमागे पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्टर बसायचा. तो बदलणं हे दहा मिनिटांचं काम. नवऱ्याला ऑफिस होतं, सूनबाईला ऑफिस आणि अभ्यास दोन्ही होतं, म्हणून ते काम सासऱ्यांकडे आलं. इथेच चूक झाली.

सासऱ्यांना घरीदारी सगळे मास्टर म्हणायचे, कारण बेचाळीस वर्षं त्यांनी शिंपीकाम केलं होतं. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, पण शिलाई मशीन मागच्या खोलीत होतं आणि मोजायची टेप गळ्यात होती. आंघोळीपुरतीच काय ती उतरायची.

"बाबा, एवढं एक काम कराल?" सूनबाई चपला घालता घालता म्हणाली. "जुन्या फिल्टरच्या चौकटीवर नंबर छापलाय. वीस बाय पंचवीस. दुकानात जायचं, वीस बाय पंचवीस सांगायचं, आणायचा, बसवायचा. बास."

"बास," मास्टर म्हणाले.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा मास्टर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ताठ बसले होते. मांडीवर जुना, धुळीने राखाडी झालेला फिल्टर होता. नवा कुठे दिसत नव्हता.

"सूनबाई, तुला फसवलंय."

"कोणी?"

"फिल्टरवाल्यानं. हे बघ." त्यांनी टेप लावली. "छापलंय वीस. भरतंय साडेएकोणीस. छापलंय पंचवीस. भरतंय साडेचोवीस. मी तीनदा मोजलं. मग ती भिंतीतली खाच मोजली. ती बरोबर वीस बाय पंचवीस आहे. म्हणजे अर्धा इंच मारलाय. दोन्हीकडून! त्या फटीतून धूळ जाते आणि तुझ्या नाकात येते."

सूनबाईने पर्स खाली ठेवली आणि एक दीर्घ श्वास घेतला. तो चुकला, कारण फिल्टर जवळ होता. सहा शिंकांनंतर ती म्हणाली, "बाबा, वीस बाय पंचवीस हे त्याचं नाव आहे. माप नाही. नाममात्र माप म्हणतात त्याला. आमच्या नियमांत आहे, परिशिष्ट चार. काही वस्तूंना चालतं तसं."

"मापाचं नाव?" मास्टरांनी चष्मा काढला. "छत्तीस छातीचा कोट मी साडेपस्तीस शिवला असता आणि गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, साहेब, छत्तीस हे याचं नाव आहे, तर त्यानं तो कोट माझ्या तोंडावर फेकला असता. आणि तू कुठल्या खात्यात आहेस? वजनमापांच्या ना?"

"बाबा, मला परिशिष्ट पाठ आहे."

"मला टेप पाठ आहे."

नवरा तेवढ्यात आत आला होता. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, मान हलवली आणि म्हणाला, "तसं बघितलं तर दोघांचंही बरोबर आहे." दोघांनीही त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो फ्रिज उघडून आत काहीतरी शोधत बसला.

"बाबा, मला शुक्रवारी अकरा ते बारा शिंक नकोय," सूनबाई हात जोडून म्हणाली. "बाकी मला काही नको. वीस बाय पंचवीस आणा."

"शिंक येणार नाही. शब्द देतो," मास्टर म्हणाले. शेवटच्या वाक्याबद्दल त्यांनी शब्द दिला नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

मंगळवारी मास्टर दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "कितीचा?" आणि मास्टरांनी उत्तराऐवजी गळ्यातली टेप काढली. पुढच्या पाऊण तासात त्यांनी त्या दुकानातला प्रत्येक फिल्टर मोजला. एकही आपल्या छापील मापाला उतरला नाही.

"काका, सगळीकडे असंच असतं," दुकानदार म्हणाला. "पंधरा वर्षं विकतोय मी."

"म्हणजे पंधरा वर्षं अर्धा इंच मारताय."

दुकानदाराने मागच्या गिऱ्हाइकाकडे मदतीच्या आशेने पाहिलं. ते गिऱ्हाईक आपल्या हातातला फिल्टर संशयाने न्याहाळत होतं. मग दुकानदाराने विषय बदलला. "बरं, नंबर कुठला देऊ? जेवढा नंबर मोठा तेवढी बारीक धूळ धरतो. घरगुतीला आठ नंबर पुरे. फार तर अकरा."

मास्टरांनी आठ नंबरचं कापड अंगठा आणि बोटात धरून चोळलं. "ही मच्छरदाणी झाली. आणि तो वरचा?"

"तो तेरा. चांगला आहे, पण घट्ट आहे. तुमचं जुनं मशीन असेल तर त्याला हवा ओढायला जड जाईल."

पण मास्टरांच्या कानात 'चांगला' आणि 'घट्ट' एवढंच शिरलं. बेचाळीस वर्षं त्यांनी घट्ट विणीच्या कापडाची शिफारस केली होती आणि एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नव्हतं. त्यांनी तेरा नंबर चोळला, उजेडात धरला, आतून पाहिला. "चुण्या सारख्या घातलेल्या नाहीत," ते म्हणाले, "पण माल चांगला आहे. याच्यात सर्वांत मोठा द्या."

"चोवीस बाय तीस आहे. काका, हा तुमच्याकडे बसणार नाही."

"बसवणं माझ्याकडे लागलं. कापड नेहमी मोठं घ्यावं आणि मापात कापावं."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. मग बिलावर मोठ्या अक्षरांत 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

बुधवारी संध्याकाळी सूनबाई घरी आली तेव्हा दोन वर्षांनी प्रथमच मागच्या खोलीत शिलाई मशीन धडधडत होतं. तो आवाज ऐकून तिला आधी बरं वाटलं. बिचारे काहीतरी शिवतायत, वेळ जातोय. मग ती आत डोकावली. कापायच्या टेबलावर खडूच्या रेघा होत्या, पुठ्ठ्याचे तुकडे होते, तारेची कापलेली जाळी होती, आणि मशीनच्या सुईखाली फिल्टर होता.

"बाबा! हे काय?"

"वीस बाय पंचवीस," मास्टर सुईवरची नजर न काढता म्हणाले. "खरा. शिलाईला अर्धा इंच जास्त धरलाय, तो आत दुमडला. कडेला कॅनव्हासची पट्टी लावली. कडक राहावा म्हणून जुन्या फिल्टरचा पुठ्ठा कापून आत घातला."

"जुना कापला? म्हणजे जुनाही गेला?"

"त्याच्यात काय ठेवायचं होतं? लबाडच होता तो."

फिल्टरच्या चारी कडांना निळं पायपिंग, म्हणजे कापडाची बारीक किनार, होतं. शाळेच्या गणवेशांचं उरलेलं कापड, असं मास्टरांनी न विचारता सांगितलं. फिल्टर कुठल्या बाजूने लावायचा हा प्रश्नही त्यांनी सोडवला होता. त्यासाठी कंपनीने कडेवर एक बाण छापलेला असतो, पण ती कड कापण्यात गेली होती. मास्टरांनी दोन्ही बाजू पाहिल्या. एक गुळगुळीत होती, दुसऱ्या बाजूला तारेची जाळी होती. गुळगुळीत ती सुलट, जाळी हे अस्तर, आणि सुलट बाजू नेहमी बाहेर. फिल्टर खाचेत जाईना तेव्हा त्यांनी तो लाकडी पट्टीने चारी बाजूंनी हळूहळू ठोकून बसवला, फटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बोट सोड, सुई जाणार नाही."

सूनबाईने तोंड उघडलं होतं. तिला बरंच काही बोलायचं होतं. पण त्या संध्याकाळी तिला एकही शिंक आली नाही. जेवताना नाही, अभ्यास करताना नाही, अंथरूण झटकताना तर हमखास यायची, तेव्हाही नाही. मास्टर दर अर्ध्या तासाने दारातून डोकावून "काही?" असं विचारत होते, आणि तिला दर वेळी "काही नाही" असं कबूल करावं लागत होतं. यासारखा वैताग नाही. माणूस चुकतोय हे आपल्याला माहीत असावं आणि आपलं नाक मात्र त्याला सामील असावं!

गुरुवारी सकाळी जाळीतून शीळ ऐकू येऊ लागली. बारीक, एकसुरी, सूंऽऽ अशी. मास्टर खाली बसले, कान लावला आणि निदान केलं. "शिवण उसवतेय. वारा कुठूनतरी वाट काढतोय." खरं तर बिचारं मशीन जिवाच्या आकांताने हवा ओढत होतं. मास्टरांनी फिल्टर उपसून काढला, सगळ्या शिवणी तपासल्या आणि एकही टाका ढिला न सापडल्यामुळे पुरेसा विचार करून त्याला मागून अस्तर लावलं. कोटाचं अस्तर. दोन पदरी.

शीळ थांबली. त्याबरोबर बाकीचंही बरंच काही थांबलं होतं, पण ते आवाज न करता थांबलं होतं. संध्याकाळी घर कोंदट वाटू लागलं तेव्हा नवऱ्याने जाऊन थंडाव्याचा आकडा चोवीसवरून अठरावर आणला. रात्री झोपताना त्याने तो सोळावर नेला. आपणही या घरासाठी काही करतो, या समाधानात त्याला छान झोप लागली.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सूनबाई बोळातून चालली होती. अंगात मुलाखतीचा कोट, हातात परिशिष्ट चार. तिचा पाय पाण्यात पडला. मशीनच्या कपाटाखालून पाण्याचा ओघळ येत होता. तिने कपाट उघडलं. आत, भर उन्हाळ्यात, तांब्याच्या नळ्यांवर चांगला चार बोटं जाडीचा पांढराशुभ्र बर्फ जमला होता. आणि घरात चौतीस अंश होते.

"सगळा गारवा इथे अडकलाय," मास्टर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा खाली आला होता.

मेकॅनिक सव्वादहाला आली. निळ्या डांगरीतली, कमी बोलणारी मुलगी. तिने मशीन बंद केलं, जाळी उघडली आणि फिल्टर ओढला. तो आला नाही. तिने भिंतीला पाय लावून पुन्हा ओढला तेव्हा तो फाटकन बाहेर आला आणि ती त्याच्यासकट मागे बसली. बसल्या बसल्याच तिने फिल्टर उलटापालटा करून पाहिला.

"हे काय आहे?"

"फिल्टर," मास्टर म्हणाले.

"याला अस्तर आहे."

"दोन पदरी."

"पायपिंग कुणी केलं?"

"मी."

"सुरेख आहे," ती म्हणाली. ती मनापासून म्हणाली, म्हणून तर सूनबाईचं डोकं जास्तच फिरलं. "पण आजोबा, तुम्ही मशीनचं नाक दाबलंत. त्याला हवाच मिळेना. हवा खेळली नाही की नळ्या गोठतात. आता सगळा बर्फ वितळेपर्यंत बंद ठेवायचं. तीन तास."

"तीन तास!" सूनबाई ओरडली. "माझी अकराला मुलाखत आहे!"

नवऱ्याने पटकन खिडकी उघडली. बाहेर रस्ता खणत होते. दोन बोटं फट झाली, सूनबाईला तीन शिंका आल्या, खिडकी बंद झाली. एवढ्यात मेकॅनिक गाडीतून नवा फिल्टर घेऊन आली. वीस बाय पंचवीस, आठ नंबर, ज्याला मास्टर मच्छरदाणी म्हणाले होते तोच. तिने तो एका हाताने खाचेत सरकवला. टेबलाच्या खणासारखा तो आत गेला.

मास्टरांनी टेपेचं टोक फटीला लावलं. "पण ही फट? अर्धा इंच?"

"ती लागते, आजोबा. नाहीतर सरकणार कसा? आतून ही पत्र्याची पट्टी आहे बघा, ती फट झाकते."

"म्हणजे अर्धा इंच मारलेला नाही. मुद्दाम सोडलाय."

"मुद्दाम."

"मग तसं छापायला यांना काय धाड भरली होती?" मास्टर एकदम उसळले. "खाच वीस, फिल्टर साडेएकोणीस. दोन ओळी! माणूस वाचेल, मान डोलवेल, घरी जाईल!"

"हे मात्र खरंय," मेकॅनिक पान्हे गोळा करता करता म्हणाली. "आठवड्यातून चार घरं तरी अशी असतात. कुणी मोजून छोटा आणतं, कुणी मोठा आणून कोंबतं, कुणी चिकटपट्ट्या लावतं. शिवलेला मात्र आज पहिल्यांदा पाहिला."

सूनबाईचा बांध तिथे फुटला. "बाबा, मी सोमवारी काय सांगितलं होतं? वीस बाय पंचवीस! तीन शब्द! तुम्ही दुकान मोजलंत, फिल्टर कापलात, जुनाही कापलात, त्याला पायपिंग केलंत, अस्तर लावलंत. एक ना धड, भाराभर चिंध्या! तुमच्या त्या टेपपायी माझी दुसरी संधी चालली!"

मास्टरांनी गळ्यातली टेप काढली, नीट गुंडाळली आणि खिशात ठेवली. मग फडकं आणून ते बोळातलं पाणी टिपायला बसले. सूनबाईला ते पाहून फार वाईट वाटलं, पण दहा पंचावन्न झाले होते.

अकरा वाजता पडद्यावर तीन चौकोन उघडले. दोघांत माणसं होती: मधोमध अध्यक्ष बाई आणि बाजूला एक टक्कल पडलेले गृहस्थ. तिसऱ्या सदस्याचा कॅमेरा बंद होता, नुसतं काळं दिसत होतं. सूनबाईच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते आणि कोट पाठीला चिकटला होता. पंखा लावता येत नव्हता, त्याच्यावर धूळ होती.

पहिले चार प्रश्न ठीक गेले. मग अध्यक्ष बाईंनी चष्मा सारखा केला. "एखाद्या वस्तूवर छापलेलं माप आणि प्रत्यक्ष माप वेगळं निघालं, आणि ग्राहकाने तक्रार केली, तर आपण काय भूमिका घ्याल?"

हा प्रश्न येणार हे सूनबाईला माहीत होतं. उत्तर झोपेत विचारलं तरी येत होतं. "परिशिष्ट चारनुसार," तिने सुरुवात केली, "काही वस्तूंच्या बाबतीत छापील माप हे नाममात्र माप समजलं जातं आणि त्यामुळे ग्राहकाची तक्रार..."

दार थोडं उघडं होतं. फटीतून बोळ दिसत होता. मास्टर फडकं बादलीत पिळत होते. पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून ते फडकं अगदी बादलीच्या कडेला टेकवून, थेंब थेंब पिळत होते. टेपेविना त्यांचा गळा उघडाबोडका दिसत होता. सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि चार दिवसांचा सगळा वैताग, जो आत्तापर्यंत एका म्हाताऱ्या माणसावर निघत होता, तो एकदम दुसरीकडे वळला.

"...तक्रार अगदी बरोबर असते," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"बरोबर असते, मॅडम! नाममात्र माप म्हणजे काय? मापाला कधी नाव असतं? तुम्ही छत्तीसचा कोट सांगितलात आणि शिंप्याने साडेपस्तीस शिवला, तर घ्याल? वीस छापायचं आणि साडेएकोणीस द्यायचं. कारण आहे, मान्य. सरकवायला जागा लागते. मग तसं सांगा ना! खाच वीस, वस्तू साडेएकोणीस. दोन ओळी छापायला शाई किती लागते? लोक मोजतात हो. काही लोक बेचाळीस वर्षं मोजत आलेले असतात. त्यांनी मोजलं की आपण त्यांना परिशिष्ट दाखवतो. मग ते कापतात, शिवतात, अस्तर लावतात, आणि घराघरांत उन्हाळ्यात बर्फ होतो!"

बोळात फडकं बादलीत पडल्याचा आवाज झाला.

"हे परिशिष्टात नाही," टक्कल पडलेले गृहस्थ कागद चाळत म्हणाले.

"नाही. असायला हवं."

मग काळ्या चौकोनातून पहिल्यांदाच आवाज आला. "एसीचा फिल्टर का?"

"हो," सूनबाई म्हणाली.

"माझ्या माळ्यावर तीन पडलेत," आवाज खिन्नपणे म्हणाला. "तिन्ही चुकीचे. मिसेस अजून बोलून दाखवते."

मुलाखत संपल्यावर सूनबाईने कोट काढून फेकला आणि मग तिच्या लक्षात आलं की तासभरात एकही शिंक आलेली नाही. मशीनच बंद, हवा जागची हलत नव्हती, तर धूळ कशी उडणार! सुंठीवाचून खोकला गेला होता. ती बोळात आली. मास्टर भिंतीला टेकून उभे होते.

"छत्तीसचा कोट माझा होता," ते म्हणाले.

"बाबा, मी मघाशी फार बोलले. चुकलं माझं."

"मीही फार शिवलं," मास्टर म्हणाले. "अस्तर नको होतं लावायला."

दहा दिवसांनी पत्र आलं. सूनबाई विभागप्रमुख झाली. पहिल्या महिन्यातच तिने परिशिष्ट चारला जोडपत्र लावलं: असल्या वस्तूंवर बसण्याच्या जागेचं माप आणि वस्तूचं प्रत्यक्ष माप, दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत छापणं बंधनकारक. कारखानदार कुरकुरले, त्यांना तिने दाद दिली नाही. शिवाय तिने हट्टाने आणखी एक कलम घातलं. मापाबद्दल कुणीही तक्रार केली तर तिला कागदी उत्तर पाठवायचं नाही. विभागाच्या अधिकाऱ्याने सात दिवसांत तक्रारदाराच्या घरी जाऊन, त्याच्या समोर, टेप लावून मोजायचं. "लोकांना वाटलं पाहिजे की आपलं कुणी ऐकतंय," असं ती बैठकीत म्हणाली. तेव्हा तिच्या हाताखालच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणाचीही या कामी नेमणूक होण्याआधी रजेचे अर्ज टाकले.

नवे फिल्टर बाजारात आल्यावर तिसऱ्याच दिवशी पहिली तक्रार आली. रजिस्टर पोस्टाने. अक्षर वळणदार होतं आणि प्रत्येक ओळ पट्टीने आखलेली होती.

"माननीय विभागप्रमुख यांस. आपल्या नव्या नियमाचं मनापासून स्वागत. मी काल एक फिल्टर खरेदी केला. त्यावर प्रत्यक्ष माप साडेएकोणीस बाय साडेचोवीस असं स्पष्ट छापलं आहे. मी तीनदा मोजलं. लांबीत एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरतो. अशा लबाडीला आळा बसलाच पाहिजे. आपण नियमानुसार प्रत्यक्ष येऊन खात्री करावी. ओळखदेख मध्ये आणू नये. कळावे."

खाली सही होती, आणि सहीखाली सूनबाईच्या स्वतःच्या घराचा पत्ता होता.

सूनबाईने डोकं टेबलावर टेकलं. शिपायाने "मॅडम, पाणी आणू का?" असं दोनदा विचारलं. मग तिने कार्यालयाच्या कपाटातून सरकारी शिक्क्याची पोलादी टेप काढली, तपासणीचा छापील तक्ता घेतला आणि निघाली. घराची किल्ली पर्समध्ये होती. पण कलम तिनेच लिहिलं होतं, म्हणून तिने बेल वाजवली.

दार मास्टरांनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. फिल्टर टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलेला होता, शेजारी पाण्याचा ग्लास होता. गळ्यात टेप होती.

"या मॅडम, या," ते अदबीने म्हणाले. "वेळेवर आलात. टेप आणली आहे ना?"

सूनबाईने सरकारी टेप काढली आणि फिल्टरला लावायला वाकली.

"एक मिनिट," मास्टर तिचा हात धरून म्हणाले आणि त्यांनी गळ्यातली टेप उतरवली. "आधी तुमची टेप मोजून घेऊ."